डेन्मार्कची पवनचक्की आणि तिच्यामागचा हिशेब

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे: डेन्मार्कसारखा लहानसा देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळवतो, महाराष्ट्राकडे सह्याद्रीची पठारे आहेत, खानदेशातले मोकळे माळ आहेत आणि सहकाराची जुनी परंपराही आहे, मग त्यांचे अनुकरण करून आपण तिथवर का पोहोचू नये, आणि करायचेच तर नेमके कशाचे करावे? वीज पारेषणाच्या आणि पुढे पवनऊर्जा प्रकल्पांच्या सल्लागारीच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली असल्याने याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

यंत्रांच्या बाबतीत डेन्मार्ककडून शिकायचे काम आपण फार पूर्वीच सुरू केले. १९८६ मध्ये भारतातले पहिले प्रात्यक्षिक पवनऊर्जा प्रकल्प कोकण, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर उभे राहिले, तेव्हा तिथे बसवलेली ५५ किलोवॉटची यंत्रे डॅनिश बनावटीची होती. पुढे पवनचक्क्या बनवणाऱ्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीने तर आपल्या आंतरराष्ट्रीय व्यवसायाचे कार्यालय काही काळ डेन्मार्कमधील ऑरहूस शहरातच थाटले होते. आपण घ्यायचे राहून गेले ते पैशांचे नियम: गुंतवणूकदाराला मोबदला कशाबद्दल द्यायचा, शेजारच्या गावाचा त्यात वाटा किती, आणि नको त्या वेळी आलेली वीज कुठे जिरवायची. माझे सगळे उत्तर या तीन गोष्टींभोवती आहे. डेन्मार्कचा शेजार आणि डेन्मार्कचा हिवाळा मात्र आपल्याला आणता येणार नाही, आणि त्याचाही हिशेब शेवटी मांडावाच लागेल.

सुरुवातीला आकड्यांविषयी सावध करतो. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे आणि त्यांची विजेची कमाल मागणी सहा-सात हजार मेगावॉटच्या घरात असते. मुंबई धरून महाराष्ट्राची कमाल मागणी तीस हजार मेगावॉटच्या आसपास जाते. शिवाय ‘निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची’ हे वाक्य वर्षभराच्या बेरजेचे आहे. एखाद्या वादळी रात्री त्यांच्या पवनचक्क्या देशाच्या संपूर्ण मागणीपेक्षाही जास्त वीज देतात, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या निवांत आठवड्यात जवळजवळ काहीच देत नाहीत. त्यांच्या ‘हरित’ खात्यात लाकडाच्या गोळ्या जाळून मिळवलेली ऊर्जाही मोठ्या प्रमाणावर धरलेली आहे आणि त्यातले बरेच लाकूड परदेशातून येते; ते कितपत हरित मानावे यावर खुद्द डेन्मार्कमध्ये वाद आहे. त्यांच्या संसदेने १९८५ मध्ये अणुवीज नाकारली, पण वारा पडला की स्वीडनमधून येणाऱ्या विजेत अणुभट्टीची वीज मिसळलेली असतेच. यामुळे त्यांचे यश खोटे ठरत नाही. मात्र टक्केवारी पाहून धोरण उचलणाऱ्याने ती टक्केवारी कशाची आहे हे आधी तपासलेले बरे.

१९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर चालत होती. त्यांच्याकडे धरणे बांधण्याजोगे डोंगर नव्हते आणि स्वतःचा कोळसाही नव्हता. पहिला उपाय म्हणून त्यांनी सरळ आयात कोळसा गाठला आणि पुढची वीसएक वर्षे त्यांची बहुतांश वीज कोळशाचीच होती, हे आजच्या गौरवगाथांमध्ये सहसा सांगितले जात नाही. त्याच काळात शेतीची अवजारे बनवणारे छोटे कारखानदार पवनचक्क्यांकडे वळले. व्हेस्टास शेतीची यंत्रसामग्री आणि क्रेन बनवत असे. नॉर्डटँक टाक्या बनवत असे. बोनसचे मूळ तुषार सिंचनाच्या साहित्यात होते. जर्मनीने त्याच सुमारास ग्रोवियान नावाचे तीन मेगावॉटचे अजस्र यंत्र एका दमात उभारले आणि काही वर्षांतच मोडीत काढले. डॅनिश मंडळी मात्र २२ किलोवॉटवरून ५५ वर आणि तिथून पुढे, मोडले की दुरुस्त करत गेली. १९७८ मध्ये रिसो येथे चाचणी केंद्र सुरू झाले आणि १९७९ पासून पवनचक्कीच्या किमतीच्या ३० टक्के अनुदान मिळू लागले, पण रिसोने मान्यता दिलेल्या यंत्रालाच. अनुदान पुढे टप्प्याटप्प्याने घटवून १९८९ मध्ये बंद केले गेले. यंत्र तपासल्याशिवाय पैसे नाहीत, आणि धंदा पायावर उभा राहिला की पैसे बंद, एवढाच तो नियम होता.

अनुदान आटत गेले तसे त्याची जागा युनिटमागे मिळणाऱ्या दराने घेतली. वीज कंपनीने पवनचक्कीची वीज ग्राहकाच्या किरकोळ दराच्या ८५ टक्के दराने विकत घ्यावी, अशी व्यवस्था आधी आपसांतील करारांनी आणि १९९२ पासून कायद्याने झाली. म्हणजे मालकाला पैसे मिळाले ते फिरणाऱ्या पात्याचे. यंत्र बंद पडले की उत्पन्न बंद, म्हणून दुरुस्तीला माणूस त्याच दिवशी बोलावला जाई.

आपण काय केले ते आता पाहू. १९९० च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखवण्याची, म्हणजे यंत्राची सगळी किंमत झीज म्हणून करपात्र नफ्यातून वजा करण्याची मुभा होती. २००२ पासून तो ८० टक्के झाला. समजा, नफ्यात असलेल्या एखाद्या कंपनीने पाच कोटींची पवनचक्की घेतली. ८० टक्के घसारा म्हणजे चार कोटी रुपये करपात्र नफ्यातून वजा. कराचा दर ३३ टक्के धरला, तर पहिल्याच वर्षी १ कोटी ३२ लाख रुपये वाचले. चक्की फिरो वा न फिरो. आयकराचा आणखी एक नियम असा होता की मालमत्ता त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल तर घसारा निम्माच मिळतो. त्यामुळे पूर्ण घसाऱ्यासाठी सप्टेंबरअखेर आणि निम्म्या घसाऱ्यासाठी मार्चअखेर यंत्रे सुरू करण्याची धांदल उडत असे. आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम जून ते सप्टेंबर. हंगाम सरता सरता, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कार्यान्वित झालेल्या यंत्राने त्या वर्षी नाममात्र वीज दिली तरी करसवलत संपूर्ण पदरात पडत होती. उपकेंद्राच्या फलकावर नोंद झाली, प्रमाणपत्र हाती आले, की मालकाचे मुख्य काम संपले. जागा निवडताना वाऱ्याच्या मोजमापापेक्षा सनदी लेखापालाच्या कागदाला जास्त वजन असे, हे मी अनेक बैठकांमध्ये पाहिले आहे.

निष्पक्षपणे सांगायचे तर या सवलतीनेच भारतात पवनऊर्जेचा उद्योग उभा राहिला. तिच्याविना सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांतली पठारे यंत्रांनी भरली नसती. माझा आक्षेप सवलत देण्याला नाही. ती यंत्राच्या खरेदीला बांधली गेली आणि विजेच्या युनिटला बांधली गेली नाही, याला आहे. ही चूक सरकारच्याही लक्षात आली होती. डिसेंबर २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे देणारी उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना आली, पण घसाऱ्याचा पर्यायही चालूच राहिला आणि ज्यांना कर वाचवायचा होता ते घसाऱ्याकडेच गेले.

सरसकट ८५ टक्क्यांचा नियम मात्र आपल्याकडे उचलू नये. डेन्मार्कमध्ये घरगुती ग्राहक युरोपातल्या सर्वांत महाग विजेपैकी वीज वापरत आला आणि त्याच्या बिलात करांचा भाग मोठा राहत आला. आपल्याकडे उद्योगाच्या बिलातून शेतीच्या बिलाची भरपाई होते. ज्या ग्राहकाचा दर मुळातच खर्चापेक्षा कमी ठेवलेला आहे, त्याच्या ८५ टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. उचलायचे ते तत्त्व: मोबदला मोजलेल्या युनिटचा, आणि तोही आधी ठरलेल्या मुदतीसाठी.

दुसरी गोष्ट मालकीची, आणि तिच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. कोपनहेगन बंदराबाहेर मिडलग्रुंडेन नावाचा उथळ भाग आहे. तिथे प्रत्येकी दोन मेगावॉटच्या वीस पवनचक्क्या २००० साली उभ्या राहिल्या. त्यांपैकी दहा महापालिकेच्या वीज संस्थेच्या आणि दहा एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. संस्थेने ४०,५०० भाग काढले. एक भाग म्हणजे वर्षाला १,००० युनिट विजेचे उत्पादन, आणि त्याची किंमत ४,२५० क्रोनर (डेन्मार्कचे चलन). साडेआठ हजारांहून अधिक लोकांनी ते घेतले. मूळ आराखड्यात सत्तावीस चक्क्या तीन रांगांमध्ये होत्या. जाहीर सुनावणीत शहराच्या किनाऱ्यावरून त्या कशा दिसतील यावर हरकती आल्या, तेव्हा संख्या वीसवर आणून त्या एकाच वक्ररेषेत मांडल्या गेल्या. आपल्याकडच्या जनसुनावणीत मंडप, माईक, पोलीस आणि शेवटी ‘हरकती नोंदवून घेतल्या’ असा शेरा, एवढे सगळे होते; आराखडा बदलल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

जमिनीवरच्या चक्क्यांसाठी तर डेन्मार्कमध्ये सुरुवातीच्या काळात भागधारक जवळपासच राहणारा असावा असा निर्बंध होता आणि त्याने आपल्या वापराच्या प्रमाणातच भाग घ्यावेत अशी मर्यादा होती. लाखाहून अधिक कुटुंबे अशा रीतीने पवनचक्क्यांची भागीदार झाली. पुढे यंत्रे अवाढव्य झाली, बाहेरचे भांडवल आले आणि स्थानिकांचा विरोध वाढू लागला. तेव्हा २००९ च्या कायद्याने नव्या प्रकल्पाच्या किमान २० टक्के भागांची पहिली संधी साडेचार किलोमीटरच्या परिघातल्या रहिवाशांना देणे विकासकावर बंधनकारक केले. घराची किंमत चक्कीमुळे उतरली तर भरपाईची सोयही त्याच कायद्यात होती. २०२० मध्ये भागांची ही सक्ती काढून शेजाऱ्यांना दरवर्षी रोख बोनस देण्याची पद्धत आणली गेली, कारण सामान्य माणसाला लाखो क्रोनरच्या प्रकल्पातले भाग घेण्याची जोखीम झेपेनाशी झाली होती. आपण नियम घेताना हा शेवटचा बदलही ध्यानात घ्यायला हवा.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावर किंवा ठोसेघरजवळच्या चाळकेवाडीला ज्यांनी चक्क्या पाहिल्या आहेत त्यांना चित्र ठाऊक आहे. जमीन बहुधा एकरकमी विकली गेली. मालक मुंबई-पुण्याचे, धंदा कापडाचा किंवा सुट्या भागांचा, आणि चक्की त्यांच्या ताळेबंदातली एक ओळ. गावाला मिळाले ते रस्त्याचे काम आणि काही सुरक्षारक्षकांच्या नोकऱ्या. पुढे पाऊस कमी झालेल्या वर्षांत ‘पवनचक्क्या ढग पळवून लावतात’ अशी समजूत पश्चिम महाराष्ट्रात आणि धुळ्याकडे इतकी पसरली की चक्क्यांविरुद्ध आंदोलने झाली. शास्त्रीयदृष्ट्या त्यात तथ्य नाही. मान्सूनचे ढग आणि त्यांमागची यंत्रणा ज्या प्रमाणावर काम करते त्यापुढे चक्कीची पाती नगण्य आहेत. पण पत्रके काढून हे समजावता येईल असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांशी मी कधीच सहमत झालो नाही. ज्या माणसाच्या घरात त्या चक्कीचे चार पैसे येतात तो ढगांविषयी वेगळा विचार करतो.

यावर लगेच सहकाराची आठवण काढली जाते. प्रवरानगरच्या मातीत साखर कारखाना उभा राहिला, तर पवनचक्की का नाही? इथे एक अनुभव विसरता कामा नये. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर परिसरात मुळा-प्रवरा ही वीज वितरणाची सहकारी संस्था चार दशके चालली. थकबाकीच्या ओझ्याखाली ती अडचणीत आली आणि २०११ मध्ये तिच्या क्षेत्रातले वितरण महावितरणकडे गेले. पुष्कळजण यावरून ‘विजेत सहकार चालत नाही’ असा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. मुळा-प्रवरा घाऊक वीज विकत घेऊन किरकोळ विकत होती, आणि तिचा मोठा ग्राहक कृषिपंपधारक होता, ज्याच्याकडून पूर्ण खर्च वसूल होणे राजकीयदृष्ट्याच अवघड. डेन्मार्कच्या सहकारी संस्था वीज बनवून ठरलेल्या दराने एकाच खरेदीदाराला विकत होत्या. वसुलीचा धोका त्यांच्या गळ्यात नव्हता. कारखान्याला ऊस घालणारा सभासद आणि कारखान्याची साखर गावोगाव उधारीवर विकत बसलेला सभासद यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. निर्मितीतला सहकार महाराष्ट्रात अजून नीट करून पाहिलेलाच नाही. साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती हे त्याच्या सर्वांत जवळचे उदाहरण, आणि तिथे बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून बनलेली वीज करार करून ग्रीडला (वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्याला) विकली जातेच.

तिसरी गोष्ट म्हणजे नको त्या वेळी आलेली वीज. इथे डेन्मार्कचे सर्वांत मोलाचे काम पवनचक्कीशी थेट संबंधितच नाही. १९७९ मध्ये त्यांनी उष्णता पुरवठ्याचा कायदा केला. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीत कुठे किती उष्णता लागते याचा नकाशा करायचा आणि त्यानुसार जमिनीखालून गरम पाण्याचे नळ टाकायचे. आज सुमारे दोन तृतीयांश घरे अशा सामायिक गरम पाण्यावर ऊब घेतात, आणि हा पुरवठा ना नफा तत्त्वावर चालवणे बंधनकारक आहे. पूर्वी वीजनिर्मिती केंद्रातली वाया जाणारी उष्णता या नळांत सोडली जाई. वारा वाढला तेव्हा त्याच व्यवस्थेला विजेवर चालणारे मोठे बॉयलर आणि उष्णता पंप जोडता आले. वादळी रात्री विजेचा भाव पडला की पाणी तापवून प्रचंड टाक्यांत साठवायचे आणि दुसऱ्या दिवशी घरांना पुरवायचे. वीज साठवणाऱ्या बॅटरीपेक्षा पाण्याची टाकी कितीतरी स्वस्त.

आपल्याला घरे तापवायची नाहीत. पण वेळ सरकवता येईल असा मोठा भार आपल्याकडेही आहे, आणि तो म्हणजे शेतीचे पंप. महाराष्ट्रात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप ग्राहक आहेत. आजवर त्यांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री फेज वीज मिळत आली, कारण औष्णिक केंद्रांना रात्रीही भार हवा होता. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जाणारा, साप आणि बिबट्याच्या भीतीत दारे धरणारा शेतकरी हा त्या भार नियोजनाचा अदृश्य भाग होता. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, वेगळे झाल्यामुळे आता शेतीचा भार स्वतंत्रपणे हलवता येतो, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा खरा अर्थ इथे आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प, त्याची वीज त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या शेती फीडरला, आणि पाणी दिवसा. डेन्मार्कने टाकीत उष्णता साठवली. आपण ओलाव्याच्या रूपात जमिनीत वीज साठवतो, असे म्हटले तरी चालेल. परदेशी तज्ज्ञांसमोर आपण ही योजना शेतकरी कल्याणाची म्हणून मांडतो. माझ्या मते ती भार व्यवस्थापनाची योजना आहे आणि त्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे.

या योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये अशी तरतूद आहे. वनकुसवडेच्या काळाच्या तुलनेत ही मोठी सुधारणा. तरीही भाडे हा वाटा नव्हे. बऱ्याच ठिकाणी जमीन गायरानाची असते. तिथे भाडे शासकीय हिशेबात जाते आणि गावातल्या शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांची चराई जाते. ग्रामपंचायतीला मिळणारी रक्कम तीन वर्षांनी थांबते, प्रकल्प पंचवीस वर्षे चालतो. डेन्मार्कमधला २०२० नंतरचा वार्षिक बोनस इथे सरळ लागू करता येईल: उत्पादित युनिटमागे काही पैसे, प्रकल्प चालेल तोवर, परिघातल्या घरांच्या खात्यावर.

आता न आणता येणाऱ्या दोन गोष्टी. डेन्मार्कचा वारा हिवाळ्यात जोरात असतो आणि त्यांची विजेची आणि उष्णतेची मागणीही हिवाळ्यातच जास्त असते. निसर्गाने त्यांना दिलेली ही जुळणी आपल्याकडे नेमकी उलटी आहे. आपला वारा पावसाळ्यात येतो. त्या वेळी पंप बंद असतात, हवा गार झालेली असते, जलविद्युत केंद्रांनाही पाणी आलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये मागणी शिगेला पोहोचते तेव्हा पठारावरच्या चक्क्या सुस्त असतात. म्हणून महाराष्ट्राने ‘पन्नास टक्के वारा’ असे लक्ष्य ठेवणे शहाणपणाचे नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौर उत्पादन घसरते तेव्हा वारा ती उणीव भरून काढतो, आणि सूर्य मावळल्यावरही तो वाहत असतो. सौरऊर्जेचा जोडीदार ही त्याची आपल्याकडची जागा आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. १९७६-७७ मध्ये स्कागेराक समुद्राखालून नॉर्वेला जाणारी पहिली केबल सुरू झाली. आज त्या मार्गाची क्षमता १,७०० मेगावॉट आहे. डेन्मार्कमध्ये वारा सुटला की वीज नॉर्वेला जाते आणि तिथल्या धरणांचे पाणी वाचते; वारा पडला की नॉर्वे पाणी सोडतो. नेदरलँड्सला २०१९ मध्ये आणि ब्रिटनला २०२३ मध्ये अशाच केबल जोडल्या गेल्या. यात डेन्मार्क स्वस्तात विकतो आणि अनेकदा महाग घेतो, ही त्या सोयीची किंमत.

आपल्याकडची सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे कोयना. तिची १,९६० मेगावॉटची क्षमता काही मिनिटांत कमी-जास्त करता येते आणि संध्याकाळच्या कमाल मागणीला राज्य तिच्यावरच उभे असते. पण कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून ठेवले आहे. नॉर्वेच्या धरणासारखे ते हवे तेव्हा हवे तितके सोडता येत नाही. मे महिन्यापर्यंत पुरवून वापरावे लागते. त्यामुळे पाणी खालून वर परत चढवणाऱ्या उदंचन प्रकल्पांना आपल्याकडे पर्याय नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे आणि सह्याद्रीच्या कड्यांवर अशा जागा आणखीही आहेत. राहता राहिला शेजार, तर तो आपल्या देशाच्या आतच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड उर्वरित भारताशी जोडले जाऊन संपूर्ण देशाची एकच वारंवारता झाली. त्या दिवसाची बातमी वृत्तपत्रांत आतल्या पानांवर होती. माझ्या व्यवसायातल्या लोकांच्या दृष्टीने ती पहिल्या पानाची होती.

डेन्मार्कच्या चुकाही शिकण्याजोग्या आहेत, आणि त्या आपल्या चुकांशी चकित करण्याइतक्या जुळतात. २००१ मध्ये सत्तांतर झाल्यावर तिथल्या सरकारने पवनऊर्जेचा आधार झपाट्याने काढला आणि २००४ ते २००८ या काळात जमिनीवर नव्या चक्क्या जवळपास उभ्याच राहिल्या नाहीत. आपण एप्रिल २०१२ मध्ये घसारा काढला. वर्षाला तीन हजारांहून अधिक मेगावॉटची भर सतराशेच्या आसपास आली. २०१४ मध्ये घसारा परत आणला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिल्या स्पर्धात्मक लिलावात युनिटमागे ३ रुपये ४६ पैसे दर निघाला आणि सगळ्या राज्यांनी जुन्या दराचे करार करणे थांबवले. आदल्या वर्षी साडेपाच हजार मेगावॉट उभारणाऱ्या उद्योगाने पुढच्या वर्षी दोन हजारही उभारले नाहीत. डेन्मार्कचा ताजा धडा डिसेंबर २०२४ चा आहे. उत्तर समुद्रातल्या तीन गिगावॉटच्या निविदेला एकही बोली आली नाही. अनुदान शून्य, उलट सरकारला पैसे मोजायचे आणि वर २० टक्के मालकी सरकारची, अशा अटी होत्या. व्याजदर आणि यंत्रांच्या किमती मात्र तोवर वाढून बसल्या होत्या. सरकारला पुढच्या वर्षी आधार देण्याची तयारी दाखवून नव्याने सुरुवात करावी लागली. जगातला पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प, विंडेबी, १९९१ मध्ये याच देशाने उभारला होता; एवढ्या अनुभवी हातांनीही निविदेच्या अटी ताणल्यावर बाजार पाठ फिरवतो. भारताने गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रासाठी जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांचा व्यवहार्यता निधी, म्हणजे प्रकल्प परवडावा म्हणून द्यायची सरकारी मदत, मंजूर केला आहे. ‘स्वच्छ ऊर्जा आता स्वस्तच झाली आहे, मदत कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी डेन्मार्कची ती कोरी निविदा नजरेसमोर ठेवावी.

शेवटी विद्यार्थ्याच्या प्रश्नातल्या ‘नेमके कशाचे’ या भागाला एक हातात घेण्याजोगे उत्तर देतो, आणि ते जुन्या चक्क्यांचे आहे. डेन्मार्कने २००१ ते २००३ या काळात लहान, जुन्या चक्क्या काढणाऱ्याला एक प्रमाणपत्र दिले. ते नव्या मोठ्या यंत्राला जोडले की त्या यंत्राच्या विजेला ठरावीक तासांपर्यंत जादा दर मिळे, आणि हे प्रमाणपत्र विकताही येत असे. ज्याला नवी चक्की घ्यायची ऐपत नव्हती तो जुनी मोडून प्रमाणपत्र विकून मोकळा झाला. सुमारे १,४८० जुनी यंत्रे गेली, त्यांच्या जागी २७० च्या आसपास नवी आली, आणि एकूण क्षमता दुपटीहून अधिक वाढली. सातारा-सांगलीच्या सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा आज अशाच लहान यंत्रांनी अडवून ठेवल्या आहेत. नूतनीकरणाचे राष्ट्रीय धोरण २०१६ मध्ये आले, २०२३ मध्ये सुधारले, तरी काम पुढे सरकत नाही, कारण एकाच पठारावर डझनावारी मालक, प्रत्येकाचा वीज खरेदी करार वेगळा, आणि नवे यंत्र बसवायला चार शेजाऱ्यांची जुनी यंत्रे एकदम काढावी लागतात. विकता येणारे प्रमाणपत्र ही अडचण सोडवू शकते. त्याच्यासोबत गावासाठी युनिटमागचा वाटाही नव्या करारात घालता येतो, कारण नव्याने करार होण्याची ती एकमेव वेळ असते. प्रकल्प अहवालासाठी विषय शोधत असाल तर एखादे पठार घ्या, तिथल्या प्रत्येक चक्कीचा मालक, करार संपण्याचे वर्ष आणि उपकेंद्रापर्यंतची वाहिनी कोणाच्या नावावर आहे याचा तक्ता करा. वाऱ्याचे गणित त्यानंतर मांडा.